आईला (६५) गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक दिलंय. बीपीची गोळीही चालू आहे. चालेल का?

आधी बीपीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर डायक्लोफेनॅक, या तिघांनी मिळून किडनीला इजा होऊ शकते, जुलाब-उलट्या होत असताना तर जास्तच. बीपीही वाढू शकतं. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर डायक्लोफेनॅक नकोच.

जेवणानंतर घेतली तरी अल्सरचा धोका जात नाही, म्हणून या वयात बहुधा पॅन्टोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) जोडून देतात. दिलंय का विचारा. अंग दुखतंय म्हणून वर कॉम्बिफ्लाम नको, त्यातलं आयबुप्रोफेन याच जातीचं. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून महिनोन्‌महिने आणणं तर बंदच करा. फक्त गुडघाच दुखत असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल विचारा, ते रक्तात फार कमी उतरतं. शौचाला काळं झालं, पाय सुजले, लघवी कमी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.