आकडा सांग आणि गप्प बस

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. "सर, चौघं विचारतायत, तबल्याची फी किती सांगू?" एवढी एक ओळ आणि पुढे जोडलेले तीन हात. त्या हातांवरूनच कळलं की आकडा तुझ्या मनात आहे, तोंडातून निघत नाहीये. फोन केला असता तर "हो सर, हो सर" म्हणून सुटली असतीस, म्हणून लिहितोय.

माझी पहिली फी सांगतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात खोली घेऊन शिकवायला लागलो होतो. एका मुलाच्या वडिलांनी दारातच विचारलं, "सर, फी?" मी म्हणालो, "तुम्हीच बघा काय ते." केवढा नम्र मी, असं तेव्हा वाटलं होतं. महिनाअखेर पाकीट आलं. वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, लग्नात देतात तसं, आणि आत शंभराची नोट. आठ तासांचे एकशे एक. त्या गृहस्थांची काही चूक नव्हती. मी बघा म्हटलं, त्यांनी बघितलं. चूक पुढे झाली आणि ती माझी. मुलगा समोर बसला की मला ते नाणं दिसायचं. तीन महिने तीनतालाचा ठेका आणि एक कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची एक रचना, यापलीकडे मी त्याला काही दिलं नाही. तबल्याच्या किनारीवरचा 'ना' इतका स्वच्छ वाजवायचा पोरगा, की आजही कानात आहे. कंटाळून क्लास सोडला त्यानं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. मूल समोर बसल्यावर पैसे आठवता कामा नयेत, इतकी फी हवी. कमी घेतलीस तर कुढशील आणि तो राग बोलांत उतरेल. भरमसाट घेतलीस तर पालकांना खूश ठेवायला पोराला घाईनं परीक्षेला बसवशील. तेही बघितलंय.

आता तू म्हणशील, विद्येचे पैसे कसे घ्यायचे, जुन्या गुरूंनी कुठे घेतले. अगं, गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या मागे कोल्हापूरचा दरबार होता. तुझ्यामागे कोण आहे? घरमालक. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, दरबाराऐवजी लोकांच्या भरवशावर. १९०८ मध्ये मुंबईत आले, आणि तिथली इमारत शेवटी कर्जापायी लिलावात गेली. त्यांच्या निष्ठेत काही कमी होतं का? हिशेब निष्ठेवर भागत नाही. तुला गुरूपुढे नारळ ठेवायचा तर जरूर ठेव, ती गोष्ट वेगळी. फी आहे ती खोलीची, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलण्याची आणि तुझ्या संध्याकाळींची.

हिशेब करताना तासापासून सुरुवात करू नकोस, वर्षापासून कर. वर्षाचे आठवडे ५२. मे महिन्याचे चार गेले, गणपतीचा एक, दिवाळीचे दोन, तुझे कार्यक्रम, तालमी, ताप-सर्दी मिळून तीन. उरले ४२. आठवड्याला खरं शिकवणं अठरा तास धर. त्याहून जास्त शिकवलंस तर स्वतःचा रियाज कधी करशील? म्हणजे वर्षाचे ७५६ तास. घरखर्चाला महिना तीस हजार हवेत असं धरू, ते झाले ३,६०,०००. खोलीचं भाडं महिना सहा हजार, म्हणजे ७२,०००. पुड्या, त्या ताणायच्या वाद्या, डग्ग्यावरची काळी शाई, सतरंज्या, परीक्षेच्या वेळी लेहरा, म्हणजे तबल्यामागची फिरती सुरावट, धरणाऱ्या पेटीवाल्याचं मानधन आणि तू अजून स्वतः शिकायला जातेस त्याचे मिळून ३०,०००. एकूण ४,६२,०००. भागिले ७५६. तासाला ६११ रुपये आले. आकडे नमुन्याचे आहेत, तुझे तू घाल. पण भागाकार करच. मी हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा कळलं, की मी माझ्याच विद्यार्थ्यांना वर्गणी देत होतो.

यावरून एकट्याच्या पाऊण तासाचे साडेचारशेच्या वर होतात. तू पावणेपाचशे धर. चौघांची बॅच असेल तर सहाशेला चारानं भागत बसू नकोस. तबला-डग्ग्याच्या चार जोड्या सुरात लावायच्या, चौघांचे हात बघायचे, हे एकाला शिकवण्यापेक्षा दमवणारं काम आहे. माणशी तासाला अडीचशे घे. त्यात जे जास्तीचे पैसे सुटतात ते कुठे घालायचे ते पुढे सांगतो.

मे महिन्यावरून होणारी भांडणं तू ऐकली असशीलच. "क्लास बंद, मग फी कसली?" यावर मी दहा वर्षं वाद घातला. शाळा घेतातच ना, शिक्षकाला मेमध्ये पोट नसतं का, वगैरे. एकदाही जिंकलो नाही. मग अक्कल आली. पावणेपाचशेप्रमाणे ४२ तासिकांचे १९,९५० होतात. बारा महिन्यांत वाटले तर महिना साधारण १,६६०, अकरा महिन्यांत वाटले तर १,८०० च्या आसपास. मी अकरा महिने १,८०० घ्यायला लागलो आणि "मेची फी नाही" असं सांगायला लागलो. पैसे जवळपास तेवढेच. पालक मात्र आभार मानतात!

महिन्याची फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची. मूल आलं नाही तर तास बुडला, कारण मंगळवारची सहाची वेळ तू दुसऱ्या कुणाला दिली नव्हतीस. तू सुट्टी घेतलीस तर मात्र तास भरून द्यायचा, न विसरता. हे पहिल्याच दिवशी सांग, लिहूनही पाठव.

घरी येऊन शिकवा म्हणणारे भेटतील. कोथरूडहून बाणेरला जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस, शिकवणं पाऊण तास, आणि "घ्या हो थोडे पोहे" यात पंधरा मिनिटं. दोन तास दहा मिनिटं झाली. पाचशे घेतलेस तर तासाला दोनशेतीस पडले, त्यातून पेट्रोल वजा. दुप्पट सांग नाहीतर जाऊ नकोस. पोहे चांगले असले तरी.

अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही विचारणा होईल. तिथली फी डॉलरच्या दरानं ठरवू नकोस, तुझ्या वेळेनं ठरव. न्यू जर्सीतले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं सरकली की साडेआठ. म्हणजे मार्चपर्यंत तुझा शनिवार जेवणाच्या वेळेला कापला जाणार. शिवाय नेटवर आवाज उशिरा पोचतो, दोघांना एकत्र वाजवता येत नाही. कायदा रेकॉर्ड करून पाठवायचा, त्यांचा ऐकून दुरुस्त करायचा. ही तासाबाहेरची मेहनत फीत धर.

आता ते बॅचचे जास्तीचे पैसे. एकदोन मुलं अशी येतील, की ज्यांना परवडत नाही आणि ज्यांना शिकवल्याशिवाय तुला झोप लागणार नाही. त्यांच्यासाठी ते पैसे. सवलत मागेल त्याला देऊ नकोस, चारचाकीतून उतरून घासाघीस करणारे खूप असतात. जो मागत नाही त्याच्याकडे लक्ष ठेव. थोडी का होईना, फी घेच. फुकट शिकणारं मूल चुकायला घाबरतं, असा माझा अनुभव. आणि हे बाकीच्या मुलांना कळू देऊ नकोस.

फी दरवर्षी जूनमध्ये थोडी वाढव, एप्रिलमध्येच कल्पना दे. मी संकोचापायी पाच वर्षं वाढवली नाही आणि मग एकदम दीडपट केली. चार मुलं गेली. त्यात एक अलंकारच्या परीक्षेपर्यंत पोचला असता.

राहिलं आकडा सांगणं. तो सांग आणि गप्प बस. "म्हणजे तसं काही नाही, आपण बघू" हे शेपूट लावू नकोस. सोपं नाहीये ते. मागच्या महिन्यात एका आजींनी नातवासाठी फोन केला. मी अठराशे म्हणालो. पलीकडे शांतता. माझाच धीर सुटला, म्हटलं, "बरं, सोळाशे द्या." त्या म्हणाल्या, "अहो, थांबा जरा, लिहून घ्यायला पेन शोधतेय."

नातू येतो दर गुरुवारी. सोळाशेतच.

— सर