स्टेनिंग छान येतं, पण कशाचं?

प्रश्न: मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी उंदराच्या मेंदूच्या सेक्शनवर (पातळ कापांवर) टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम ओळखणारी अँटिबॉडी लावते, म्हणजे ते असलेल्या पेशी रंगतात. स्टेनिंग छान येतं, काम आवडतं. पण घरचे म्हणतात, हे टेक्निशियनचं काम, पुढे वाव नाही. खरं आहे का?

उत्तर: वाव आहे. पण त्याआधी ‘छान येतं’ याबद्दल बोलू, कारण तुझं करिअर त्यावरच ठरणार आहे.

प्रायमरी अँटिबॉडी (एन्झाइमला चिकटणारी) न घालता, फक्त सेकंडरी (प्रायमरीला चिकटून रंग आणणारी) लावून एक स्लाइड केलीस का? तुझी प्रायमरी उंदरात बनवलेली असेल, तर अँटी-माउस सेकंडरी त्या ऊतीतल्या उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडींनाही चिकटते आणि रंग उगाच भरतो. सशातली प्रायमरी घेतलीस की ही कटकट बरीचशी मिटते. मात्र ही स्लाइड कोरी आली म्हणजे प्रायमरी खरी ठरली, असं नाही. त्यासाठी वेस्टर्न ब्लॉट कर, म्हणजे ऊतीतली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून त्यांवर अँटिबॉडी लाव: अॅड्रिनल ग्रंथीत साधारण ६० किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) बँड, म्हणजे पट्टा, दिसायला हवा, यकृतात नको. यकृत मुद्दाम सांगतोय. तिथे याच कुटुंबातलं फेनिलअॅलनिन हायड्रॉक्सिलेज भरपूर असतं. अँटिबॉडी भावंडांमध्ये गल्लत करत असेल तर तिथेच पकडली जाते.

पुढचा प्रश्न अर्थाचा. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज टायरोसिनचं एल-डोपा करतं आणि त्यापासून डोपामिन बनतं, म्हणून त्याला डोपामिन पेशींची खूण मानतात. पण नॉरअॅड्रेनलिन बनवणाऱ्या पेशींतही ते असतंच. आणि पार्किन्सन आजाराच्या प्राणी-मॉडेलमध्ये रंगलेल्या पेशी कमी दिसल्या, तर पेशी मेल्या की जिवंत राहून फक्त एन्झाइम बनवायचं थांबल्या? निस्सल स्टेनने (हे एन्झाइम असो वा नसो, चेतापेशी रंगवणाऱ्या रंगाने) पेशी वेगळ्या मोजल्याशिवाय सांगता येत नाही. थिसिस वाचताना परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

एवढं विचारणाऱ्या माणसाला कोणी टेक्निशियन म्हणत नाही (आणि चांगल्या टेक्निशियनला कमी लेखणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही). अँटिबॉडी बनवणाऱ्या कंपन्यांत व्हॅलिडेशन आणि क्वालिटी कंट्रोल, ग्राहकांना तांत्रिक सल्ला देणारे अॅप्लिकेशन सायंटिस्ट, पॅथॉलॉजीतली इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने ऊती रंगवून तपासणं), संस्थांच्या इमेजिंग फॅसिलिटी: सगळीकडे हीच नजर लागते. स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर पीएच.डी.ला पर्याय नाही. नोकरीच हवी असेल तर इमेज अॅनालिसिस नीट शिकून घे. पेशी डोळ्यांनी मोजणं आता पुरत नाही.

घरच्यांशी वाद घालू नकोस. आधी नोंदवहीत प्रत्येक स्लाइडसमोर अँटिबॉडीचा कॅटलॉग नंबर, लॉट (उत्पादनाची खेप) नंबर आणि डायल्यूशन (किती पातळ केली ते) लिहायला लाग. अँटिबॉडी पॉलिक्लोनल (अनेक वेगवेगळ्या अँटिबॉडींचं मिश्रण) असेल तर लॉट बदलला की निकालही बदलू शकतो. आणि तो यकृताचा ब्लॉट रिपोर्टमध्ये टाक, नको तो बँड दिसला तरी टाक. मुलाखतीत त्याच पानावर सर्वात जास्त वेळ जाईल.