डायव्हिंग क्लबांचे जुने पॅच जमवायला लागलायस, तर आधी हे वाच

अरे गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला डाइव्ह केल्यावर तुला डायव्हिंग क्लबांचे जुने पॅच, म्हणजे कपड्यावर लावायचे कापडी बिल्ले, जमवावेसे वाटतायत हे वाचून खूप बरं वाटलं, पण पैसे टाकायच्या आधी थोडा इतिहास बघ. क्लब आधी आले, डायव्हिंग शिकवून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था नंतर. अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा बॉटम स्क्रॅचर्स क्लब १९३३ चा, तेव्हा कुस्तो आणि गान्याँ या फ्रेंच जोडीचं अ‍ॅक्वालंग, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं पाठीवरचं यंत्र, यायला अजून दहा वर्षं होती, म्हणजे ही मंडळी नुसता श्वास रोखून खाली जायची, मला तर तोच काळ सगळ्यात भारी वाटतो! मग ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३, सीएमएएस हा जागतिक डायव्हिंग महासंघ १९५९, आणि सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था पॅडी १९६६. त्यामुळे कोणी पन्नाशीच्या दशकातला पॅडीचा पॅच म्हणून विकायला आला तर सरळ नाही सांग.

अजून एक, लाल कापडावर पांढरी तिरकी पट्टी असलेला डायव्हरचा झेंडा बघ, तो अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात आला आणि क्लबांनी लगेच पॅचवर घेतला, त्यामुळे ज्याच्यावर तो झेंडा आहे तो पॅच चाळीसच्या दशकातला असूच शकत नाही, विकणारा काहीही सांगू दे. मागची बाजूही नेहमी बघ, फोटोत दाखवत नसतील तर तिचा फोटो मागव, तिथे इस्त्रीने चिकटवायचा प्लास्टिक थर असला तर पॅच फार जुना नसणार, जास्त पैसे देऊ नको.

आणि आपल्या गोव्यातला पाऊस! जून ते सप्टेंबर दमट हवेत सुती पॅचला बुरशी धरतेच, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, धुवू मात्र नको, जुना लाल दोरा रंग सोडतो.