समाजशास्त्रात बी.ए. केल्यास नोकरी आणि कमाईच्या दृष्टीने फायदा होतो का?

अनुदानित महाविद्यालयात या पदवीचे शुल्क अभियांत्रिकीच्या मानाने नगण्य असल्याने खरी गुंतवणूक असते ती वर्षांची, आणि नुसत्या बी.ए.वर मिळणारी नोकरी बहुधा कोणत्याही पदवीधराला मिळेल अशीच असते. खुल्या प्रवर्गात ५५ टक्क्यांसह एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास सहायक प्राध्यापकपदाची पात्रता येते. मात्र जागा निघेपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, दिवस काढावे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. यूपीएससी मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे, पण त्यासाठी त्याच विषयाची पदवी लागत नाही. माझ्या मते, प्रश्नावली बनवणे, गावोगाव मुलाखती घेणे आणि जमलेली माहिती एक्सेलमध्ये नीट मांडणे ज्याला येते, त्याला सर्वेक्षण व सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) प्रकल्पांत शिरकाव सोपा जातो.