डबल पेडल नंतर घे भावा

दोन महिने नाही झाले ड्रम्स शिकायला लागून आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवायचं) कुठलं घेऊ विचारतोयस, जरा थांब. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा ड्रमर निको मॅकब्रेन बघ, १९८२ ला बँडमध्ये आला आणि चाळीस वर्षं जवळपास सगळं एकाच पेडलवर वाजवलं, तेही अनवाणी! जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रोक आला, उजवी बाजू लुळी पडली, तरी सत्तरीतला माणूस हात पाय पुन्हा घडवून मे महिन्यात स्टेजवर होता, जे फिल (तालाच्या मधले झटपट तुकडे) जमेनात ते सरळ सोपे केले, आणि डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला शेवटचा शो करून टूरिंग थांबवलं.

तर तू काय कर, मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर लाव, एका पायाने किक (बास ड्रम) मार, दहा मिनिटं सलग स्वच्छ आलं की मगच ५ ने वाढव. बोअर होतं, माहितीये. पोटरी आखडली की थांब, तिथे हिरोगिरी नको. आणि इअरप्लग आजच घे, माझा डावा कान रात्री शिट्टी वाजवतो म्हणून सांगतोय. फ्लॅटमध्ये असशील तर रबरी पॅडवरच वाजव, नाहीतर खालच्या काकू आहेतच.