फुलझाडांमध्ये शुक्रपेशी अंडपेशीपर्यंत कशी पोहोचते? ती तर पोहू शकत नाही!

परागनलिका तिला थेट अंडपेशीजवळ नेऊन सोडते. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या स्त्री-भागाच्या टोकावर, चिकटला की तिथला ओलावा शोषून फुगतो आणि त्यातून एक बारीक नळी फुटते. ही नळी टोकाकडून वाढत कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांड्यातून, खाली बीजांडाकडे जाते (बीजांड म्हणजे अंडपेशी असलेला, पुढे बी होणारा भाग), दोन शुक्रपेशी तिच्या आतून सरकत असतात. मक्यात कणसाचा प्रत्येक केस म्हणजे एक लांबलचक कुक्षी, त्यामुळे तिथे नळीला बरेच सेंटिमीटर अंतर कापावं लागतं! शेवटच्या टप्प्यात वाट दाखवतात अंडपेशीशेजारच्या दोन सहायक पेशी. टोरेनिया या फुलझाडाचा भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी आणि सहायक पेशी असलेली पिशवी, बीजांडाबाहेर डोकावतो, म्हणून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं: जपानी संशोधकांनी लेसरने या दोन्ही पेशी मारल्या, तर नळ्या तिकडे वळेनात. त्या पेशी सोडत असलेली आकर्षक प्रथिनं 2009 मध्ये ओळखली गेली. तिथे पोहोचून नळीचं टोक फाटलं की एक शुक्रपेशी अंडपेशीशी, दुसरी भ्रूणकोशातल्या मध्यवर्ती पेशीशी एकरूप होते. या दुसऱ्या मीलनातून भ्रूणपोष, म्हणजे बियांतला भ्रूणाचा अन्नसाठा, बनतो.

मात्र हे सगळ्या वनस्पतींना लागू नाही. मॉस आणि नेच्यांचे शुक्राणू पाण्याच्या पातळ थरातून खरोखर पोहत जातात. सायकस आणि गिंको तर बिया धरणारी झाडं, तरी त्यांचेही शुक्राणू पोहतात.