नडगीवरच्या गाठी

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची. आठवड्यापूर्वी तिच्या दोन्ही नडग्यांवर बोराएवढ्या लाल गाठी उठल्या. हात लावू देत नाही. सासूबाईंनी आंबेहळद उगाळून लावली. जवळच्या डॉक्टरांनी ‘गळू आहे, पिकलं की चिरा देऊ’ म्हणून गोळ्या दिल्या. पिकायचं नाव नाही. तीन आठवड्यांपूर्वी घसा धरला होता, तेवढंच. – एक आई, भांडुप

उत्तर : पिकणारही नाही बहुतेक. चिरा मात्र देऊ नका. पत्रावरून निदान करू नये, पण तुमचं वर्णन ‘एरिथिमा नोडोसम’कडे बोट दाखवतं. कातडीखालच्या चरबीला सूज येते, म्हणून गाठ डोळ्यांना कमी आणि बोटांना जास्त कळते: गरम, घट्ट, दाबली की पोर कळवळतं. पुढे ती जांभळी होईल, मग हिरवट-पिवळी, थेट मुका मार लागल्यासारखी. माझ्याकडे आलेल्या एका आईला शेजारणीने जिन्यातच विचारलं होतं, ‘मारता का हो मुलीला?’ साधारण तीन ते सहा आठवड्यांत गाठी विरतात, व्रण राहत नाही.

गाठींपेक्षा त्या का आल्या, हे शोधायला हवं. मुलांत बऱ्याचदा घशातला स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू हे कारण असतं. तुमच्या लेकीचा घसा म्हणूनच महत्त्वाचा. पण मुंबईत मी टीबी तपासल्याशिवाय सोडत नाही. घरात, शिकवणीत कुणाचा खोकला लांबलाय का? एएसओची रक्ततपासणी (त्या जिवाणूचा माग काढणारी), छातीचा एक्स-रे आणि मांटू, म्हणजे हातावर सुई टोचून करायची टीबीची चाचणी, करून घ्या. मांटू ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते, तेव्हा शुक्रवारी टोचून घेऊ नका. रविवारी दवाखाना बंद, आणि सोमवारी वेळ टळली तर सुई फुकट. हे होईपर्यंत कुणी स्टेरॉइड दिलं तर थांबा म्हणा. टीबी असेल तर तो त्याने बळावतो.

तोवर पाय उशीवर, गार पाण्याची पट्टी, शाळेच्या पीटीला सुट्टी. दुखण्यावर आयबुप्रोफेन चालतं, पण डॉक्टरांना विचारूनच. पावसाळ्यात ताप असेल तर आधी डेंग्यू नाही ना ते बघायचं, कारण डेंग्यूत हे औषध चालत नाही. सांधे सुजले, वजन घटलं किंवा शौचातून रक्त गेलं तर लगेच दाखवा.

आणि हो, घशासाठी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं फेकली नसतील तर सोबत न्या. काही औषधांनीही अशा गाठी उठतात, आणि ‘पिवळी गोळी होती’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.